नेलला सांगितलेल्या गोष्टी

रूकहर्स्टच्या शेतावरची कुत्री नेल गवतकापणीच्या ऐन धामधुमीत मेली. सफरचंदाच्या झाडाखाली तिला पुरून परतताना मिल्ड्रेड एकहर्स्टच्या मनात पहिला विचार आला तो दुःखाचा नव्हता. आता हे दोघे एकमेकांशी बोलणार कसे, हा होता.

हे दोघे म्हणजे तिचे भाऊ. थोरला जेबेझ, धाकटा वॉल्टर. वडिलांच्या दफनानंतर ज्या संध्याकाळी पाहुणे उरलेले मांस बांधून घेऊन गेले, त्या संध्याकाळी जेबेझ चुलीजवळच्या वडिलांच्या खुर्चीत जाऊन बसला. वॉल्टर बूट काढता काढता म्हणाला, "जपून. अजून गरम असेल ती." एवढेच वाक्य. जेबेझने माफी मागायला सांगितले, वॉल्टरने मागितली नाही, आणि त्यानंतर त्या घरात थोरल्याचा शब्द धाकट्याला किंवा धाकट्याचा थोरल्याला उद्देशून कधी उच्चारला गेला नाही. गावात या भांडणाच्या तीन हकिकती प्रचलित होत्या. एकीत जमीन होती, दुसरीत मेंढा होता, तिसरीत एक बाई होती. खरी हकिकत फारच क्षुल्लक असल्यामुळे तिच्यावर कोणाचा विश्वास बसला नसता.

पहिल्या आठवड्यात दोघांनीही मिल्ड्रेडचा वापर करून पाहिला. "मिली, त्याला सांग, कुंपण मोडलंय." "मिली, त्याला म्हणावं, डोळे मलाही आहेत." चौथ्या निरोपाला तिने बटाट्यांचे पातेले टेबलावर आपटले. "मी तुमचं टपाल नाही. एकदा सुरुवात केली तर मरेपर्यंत हेच करत बसेन. तोंडं आहेत ना तुम्हाला? नाहीतर त्या कुत्रीला सांगा!"

त्यांनी कुत्रीला सांगायला सुरुवात केली.

नेल तेव्हा पिल्लू होती. जेबेझ म्हणे, "नेल, सांग त्याला, उद्या डोंगरकुरण कापतोय." नेल कान टवकारून दुसऱ्या भावाकडे बघे, त्याच्याजवळ जाऊन बसे, आणि वॉल्टर पावाची एक कड तोडून तिच्यापुढे टाके. कड टाकली म्हणजे निरोप पोचला. बाहेर शेतात हीच कड कोटाच्या खिशातून निघे. कड टाकली नाही तर तो पोचला नाही, मग तो सगळ्या घराने ऐकलेला असो. गावकऱ्यांच्या मते त्या कुत्रीला माणसाची भाषा समजत होती. मिल्ड्रेडच्या मते तिला पाव समजत होता. बोलणाऱ्याकडून काही मिळत नाही, गप्प बसलेल्याकडून मिळते, हे पिल्लाच्या लवकर लक्षात आले, आणि त्या एका निरीक्षणावर एका घराचा कारभार वर्षानुवर्षे चालला.

कारभाराची वाटणी वडील करून गेले होते. कापणे आणि वाळवणे जेबेझचे. वाहणे आणि गंजी रचणे वॉल्टरचे. गवत पुरते वाळले आहे की नाही हे जेबेझ ठरवी, नेलला सांगे, मग वॉल्टर गाडी जुंपी. वॉल्टरच्या गंज्या त्या भागात नावाजलेल्या होत्या: चारी कोपरे ओळंब्यात, वर पेंढ्याचे घट्ट शाकारलेले छप्पर, लांबून एखादे लहानसे घरच वाटावे.

नेल गेल्याच्या दुसऱ्या दिवशी अंडी घ्यायला गावातल्या मिसेस पेलिंग आल्या. टोपलीवर फडके पसरताना त्यांनी आवाज खाली आणला.

"घरचं कुत्रं गेलं की एकटं जात नाही, मिली. मागून काहीतरी ओढून नेतं. माझ्या आजीकडे हेच झालं."

"तुमच्या आजीकडे कुत्रं नव्हतं, मिसेस पेलिंग. मांजर होती."

"मग मांजरीच्या मागून गेली ती."

"ती ब्याण्णवाव्या वर्षी गेली. मांजरीला दोष कशाला?"

मिसेस पेलिंग हसल्या नाहीत. मिल्ड्रेडला अशा बोलण्याचा तिटकारा होता. ती लोणी करताना दुधात थर्मामीटर घालून बघणारी बाई होती. शकुनावर तिचे लोणी कधी आले नव्हते. पण त्या दिवशी तिच्या मनात जी अस्वस्थता होती ती मिसेस पेलिंगच्या अस्वस्थतेहून फार वेगळी नव्हती. फक्त तिच्याकडे तिचे कारण होते.

कारण ओढ्याकाठच्या खालच्या कुरणात पडले होते. तिथले गवत दाट, त्यात निम्मा क्लोव्हर, म्हणजे तीन पानांचा चारा, जाड देठांचा आणि रसाळ. डोंगरकुरणाचे गवत तबेल्यामागे अर्ध्या गंजीत रचून झाले होते; हे जेबेझने सर्वांत शेवटी कापले, आणि त्यावर एक सर पडून गेली. ऊन पुन्हा आले तेव्हा वरचा थर दुपारपर्यंत कुरकुरीत झाला. खाली हात घातला तर देठ अजून ओले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीला जेबेझ खुर्चीत बसला. त्याला मेंढरे घेऊन बाजाराला जायचे होते. त्याने चहाचा पेला ठेवला, चुलीपुढच्या रिकाम्या गोणपाटाकडे पाहिले आणि तोंड उघडले. मग मिटले. वॉल्टर पावाला चरबी लावत होता. त्याने ते पाहिले की नाही, सांगता येत नाही. मिल्ड्रेडने पाहिले. 'काय रे?' एवढे विचारायला तिचे काहीच गेले नसते. पण तो प्रश्न म्हणजे पहिला निरोप, हे तिला माहीत होते, आणि त्या उघड्या-मिटल्या तोंडात काय होते हे तिला माहीत नव्हते. तिने पेले उचलले.

वॉल्टरने वरचा थर मुठीत चुरडून पाहिला. आभाळ पुन्हा भरून येत होते. मनाई करणारा निरोप आलेला नव्हता, आणि निरोप नाही याचा अर्थ त्याच्या लेखी हरकत नाही असा होता. त्याने गाडी जुंपली. संध्याकाळी जेबेझ परतला तेव्हा खालचे कुरण मोकळे होते आणि अंगणाच्या कडेला, घर आणि तबेल्याच्या मधोमध, नवी गंजी उभी होती. तो फाटकात थांबला. घोड्याने पाय आपटेपर्यंत तो तसाच तिच्याकडे बघत राहिला.

"कशी दिसते?" मिल्ड्रेडने विचारले.

"दिसायला चांगली आहे," तो म्हणाला, आणि आत गेला.

कापलेले गवत लगेच मरत नाही. देठात ओल असेपर्यंत त्याचा श्वास चालू राहतो आणि त्या श्वासातून ऊब निघते. मोकळ्या कुरणात ती वाऱ्यावर जाते. दाबून रचलेल्या गंजीत तिला जायला वाट नसते. मग त्या उबेवर जंतू पोसले जातात आणि ती वाढवतात, इतकी की शेवटी स्वतःच मरतात. पुढचे काम जंतूंवाचूनच पार पडते. गंजीच्या पोटात गवत आधी तपकिरी होते, मग काळे, मग कोळसा. बाहेरून काही दिसत नाही. या क्रियेला आठवडे लागतात आणि घाई अजिबात नसते.

सुरुवातीला पहाटे गंजीच्या माथ्यावरून वाफ निघे. ते नेहमीचे होते. नवी गंजी घामेजतेच. मिल्ड्रेड कपडे वाळत घालायला तिच्याजवळून जाई तेव्हा भट्टीतून काढलेल्या पावासारखा वास येई. पुढे तो तंबाखूचा झाला. चांगला, गोडसर, दफनाला आलेल्या म्हाताऱ्यांच्या कोटांना येतो तसा. घोडे तबेल्याच्या त्या बाजूच्या भिंतीला टेकेनासे झाले. सकाळी चिमण्या मात्र गंजीच्या छपरावर दाटीने बसत. पाय शेकत असावेत. मिसेस पेलिंग अंडी घ्यायला आल्या की नाक वर करून हुंगत, मिल्ड्रेडकडे बघत, आणि काही न बोलता टोपली उचलत. त्यांचे न बोलणे पूर्वीच्या बोलण्यापेक्षा वाईट होते.

जेवणाच्या टेबलावरही कोणी बोलत नव्हते. पूर्वी तिथे निदान कुत्रीशी संभाषण होई. आता काट्यांचा आवाज, घड्याळाचा आवाज, आणि दोघांच्याही ताटाशेजारी, सवयीने काढून ठेवलेली, पावाची एकेक कड. मिल्ड्रेड त्या कडा रोज कोंबड्यांना टाकी.

एका दुपारी तिने स्वयंपाकघराच्या खिडकीतून जेबेझला पाहिले. वॉल्टर गावात नाल ठोकून घ्यायला गेला होता. जेबेझने गंजीच्या कुशीत लांब लोखंडी सळई हाताच्या जोराने पार आत खुपसली, काही वेळ तबेल्याच्या भिंतीला टेकून उभा राहिला, मग ती बाहेर ओढली आणि टोकाला हात लावला. लावताक्षणी सोडली. तो पन्हाळीखालच्या पिंपाकडे गेला आणि मनगटापर्यंत हात पाण्यात बुडवून उभा राहिला.

मिल्ड्रेड दारात आली. "किती तापलीय?"

"हात ठेववत नाही."

"मग सांग त्याला."

जेबेझने तिच्याकडे असे पाहिले, जणू तिने त्याला उडायला सांगितले होते. "गंजी त्याची आहे. त्याला दिसत नाही का?"

"गवत तुझं होतं. तू सांगितलं होतंस का, ओलं आहे म्हणून?"

"कोणाला सांगणार होतो?" जेबेझचा आवाज एकदम चढला. "कोण होतं तिथे?"

"वॉल्टर होता! समोर बसला होता, तोंडात पाव घालून!"

"तूच सांग ना मग," तो पिंपातल्या पाण्याकडे बघत म्हणाला. "एवढं वाटतंय तर."

त्या क्षणी तिने काय करायला हवे होते हे उघड आहे. पण तिला त्या क्षणी पुढची सगळी वर्षे दिसली: सांग त्याला, म्हणावं त्याला, विचार त्याला, दोन म्हातारे आणि मध्ये ती, मान एकदा इकडे, एकदा तिकडे. तो तिच्याकडून पहिला निरोप काढत होता, आणि त्यासाठी एक तापलेली गंजी वापरत होता, असे तिला वाटले. गंजी इतके आठवडे उभी होती. रात्रीच्या जेवणापर्यंत उभी राहील. जेवणाच्या टेबलावर दोघांना समोरासमोर बसवून ती जेबेझलाच ते वाक्य बोलायला लावणार होती. त्याखेरीज ताट वाढणार नव्हती. तिने हे मनाशी पक्के केले आणि आत जाऊन पीठ मळायला घेतले.

वॉल्टर मात्र जेवणाच्या आधीच परतला. फाटकातून येतानाच त्याने मान वर केली. गंजीचा माथा, जो त्याने दोरी लावून सरळ केला होता, मधोमध किंचित खचला होता. अगदी थोडासा, दुसऱ्या कोणाच्या लक्षातही आला नसता. स्वतःच्या कामातला बाक त्याला सहन झाला नाही. त्याने शिडी लावली, गवत कापायचा लांब दांड्याचा, रुंद पात्याचा सुरा खांद्यावर टाकला आणि वर चढला. आत काय चालले आहे याची त्यालाही कल्पना आली असणार; गंजी मधून कापून उबेला वाट द्यायची, एवढाच त्याचा बेत असावा. पण तापलेल्या गंजीचे पोट आतून जळून पोकळ झालेले असते आणि वरचे छप्पर नुसते कवच उरते, हे ज्याने सळई घातली होती त्यालाच ठाऊक होते.

जेबेझ तबेल्यातून बादली घेऊन बाहेर आला. त्याने वर पाहिले. बादली सुटली.

"नेल!" तो ओरडला.

मिल्ड्रेड पिठाचे हात घेऊन दारात आली होती. तो आवाज तिने नंतर पुष्कळदा आठवून पाहिला. त्यात राग नव्हता. ज्याला हाक मारायची त्याचे नाव जिभेला उरलेलेच नसलेल्या माणसाचा तो आवाज होता.

"नेल! सांग त्याला, खाली उतर म्हणावं! मध्ये पोकळ आहे! नेल, सांग त्याला!"

वॉल्टरने ऐकले. मिल्ड्रेडने त्याला ऐकताना पाहिले. तो वळला, आणि त्याने खाली, शिडीच्या पायथ्याशी पाहिले, जिथे ती येऊन बसायची. त्याचा हात कोटाच्या खिशाकडे गेला. तो थांबला. एखादा श्वास जाईल एवढाच तो थांबला असेल. वाट बघत.

मग त्याच्या पायाखालचे छप्पर सावकाश, जवळजवळ आवाज न करता, आत गेले.

तो काखेपर्यंत बुडाला. सुऱ्याचे लांब दांडके आडवे अडकले म्हणून तिथेच अडला. त्याच्या भोवतीच्या भोकातून आधी दाट पिवळट धूर आला, जळक्या साखरेच्या वासाचा, आणि मग वॉल्टर ओरडू लागला. जेबेझ शिडी चढला तो हातांनी की पायांनी, सांगणे कठीण. त्याने पोटावर पडून सरपटत जाऊन वॉल्टरच्या दोन्ही बगलांत हात घातले आणि ओढले. आत हवा गेली होती. ते दोघे कडेवरून खाली कोसळले तेव्हा त्यांच्या मागून ज्वाळा घरापेक्षा उंच उठली. हे सर्व होत असताना जेबेझने भावाशी एक शब्दही काढला नाही. वॉल्टरनेही नाही, तो नुसता ओरडत होता, कोणालाही उद्देशून नव्हे.

गाव धावून आले. ओल्या गोणपाटांनी घर आणि तबेला वाचला. सकाळी गंजीच्या जागी काळे वर्तुळ होते.

वॉल्टरचे पाय गुडघ्यांच्या वरपर्यंत भाजले होते. डॉक्टर रोज येत, पट्ट्या बदलत, जिन्यात मिल्ड्रेडला काहीबाही सांगत ज्यात होकार किंवा नकार यांपैकी काहीच नसे. तापात तो कुरणे मोजत असे. जेबेझच्या दोन्ही हातांना मनगटापर्यंत फडकी बांधलेली होती. मिल्ड्रेड एकाला भरवी, मग दुसऱ्याला भरवी, आणि मधल्या वेळात गायींचे दूध काढी. झोपताना तिच्या डोळ्यांपुढे वॉल्टरचा खिशाकडे गेलेला हात येई. ती दारात होती. तिला जीभ होती. जेबेझ कुत्रीला हाक मारत असताना तिने 'वॉल्टर' म्हणून ओरडायला हवे होते, आणि ती ओरडली नव्हती, कारण निरोप तिचा नव्हता.

मग एका संध्याकाळी, उजेड असतानाच, जेबेझ बाहेरून आला तो कोटात काहीतरी घेऊन. वर गेला. मिल्ड्रेड दुधात पाव कुसकरून वाडगा घेऊन मागोमाग गेली आणि खोलीच्या उंबऱ्याशी थबकली.

बिछान्याशेजारच्या स्टुलावर जेबेझ बसला होता. जमिनीवरच्या गालिच्यावर काळेपांढरे पिल्लू होते, जेमतेम आईचे दूध सुटलेले. वॉल्टरचा ताप त्या दिवशी प्रथमच उतरला होता. तो पिल्लाकडे बघत होता.

"विचार त्याला," जेबेझ पिल्लाला म्हणाला, "दुखतंय का."

पिल्लाने जांभई दिली. वॉल्टरने त्यालाच उत्तर दिले. "सांग त्याला, दुखतंय."

पिल्लू गालिच्यावर गोल झाले आणि झोपी गेले. मिल्ड्रेडला हसू आले असते, आणि रडूही. तिने वाडगा घट्ट धरला. उघड्या खिडकीतून संध्याकाळचा वारा येत होता, तबेल्याच्या बाजूचा. वॉल्टरने डोके उचलले. नाकपुड्या फुलल्या.

"ए," तो पिल्लाला म्हणाला. आवाज चिरका झाला होता. "सांग त्याला, तबेल्यामागची गंजी. नुसती डोंगरकुरणाची नाही ती. अर्धी रचून ठेवली होती ना. खालच्या कुरणाचं अंगणातल्या गंजीत मावलं नाही, ते मी तिथे भरलं. त्याच दिवशी. मग वर ताडपत्री घातली. सांग त्याला."

पिल्लू झोपले होते.

जेबेझने ऐकले होते. त्याचे कान लाल झाले, मान ताठ झाली, बांधलेले हात मांडीवर उचलले गेले. पण तो उठला नाही. तो पिल्लाकडे बघत होता. त्याच्या कपाळावर घाम आला होता आणि तो वाट बघत होता, ते उठेल, मान वळवेल, त्याच्याकडे येईल म्हणून. वॉल्टरही पिल्लाकडेच बघत होता. दोघांनाही सर्व समजले होते, आणि दोघांपैकी कोणालाही हलता येत नव्हते. खिडकीतून तंबाखूचा वास आला, चांगला, गोडसर.

वाडगा खाली पडला.

"जेबेझ!" मिल्ड्रेड ओरडली. "वॉल्टर म्हणतोय, तबेल्यामागे ओलं आहे!"

ती वाक्य संपवेपर्यंत जेबेझ जिन्यात होता.

"मिली," वॉल्टर कोपरांवर उठत म्हणाला, "सांग त्याला, आधी घोडे सोड."

ती खिडकीशी गेली. "आधी घोडे सोड म्हणतोय!"

खालून जेबेझचा आवाज आला, तबेल्याच्या दारातून. "मिली! विचार त्याला, ताडपत्री काढू का?"

ती वळली. "ताडपत्री काढू का विचारतोय."

"नको! हात लावू नको म्हणावं! आत हवा जाईल!"

"हात लावू नकोस! आत हवा जाईल!"

तबेल्यातून घोडे बाहेर आले, डोळे विस्फारून, दगडांवर घसरत. त्यांच्यामागे छपरापलीकडे ताडपत्रीच्या कडेतून धुराची एक बारीक, सरळ रेघ निघाली होती. जेबेझने ती पाहिली आणि मग वर खिडकीकडे पाहिले. मिल्ड्रेडने मागे वळून बिछान्याकडे पाहिले. दोन्ही चेहऱ्यांवर सारखाच भाव होता. भीती होतीच, पण तिच्याखाली दुसरे काहीतरी होते, आणि ते ओळखायला तिला वेळ लागला नाही. ती सुटका होती. दोघांनाही हायसे वाटले होते.

"मिली, विचार त्याला—" खालून आवाज आला.

"मिली, त्याला म्हणावं—" मागून आवाज आला.

वाडग्याच्या आवाजाने पिल्लू जागे झाले होते. ते सांडलेल्या दुधातून वाट काढत तिच्या पायांशी येऊन बसले आणि कान टवकारून, मान वर करून, तिच्याकडे बघू लागले.